वडिलांच्या निधनाची पहिली बातमी

तो पहिल्यांदा आमच्या गावात आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर एक काळा फळा आडवा बांधलेला होता. स्टँडवर बसलेल्या म्हाताऱ्यांना वाटलं, शाळेला नवा मास्तर मिळाला. मास्तर मिळाला असता तर गावाचं थोडं तरी भलं झालं असतं.

नव्वद साल उलटून गेलेलं. गावोगाव एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावातही स्टँडसमोर एक बूथ झाला होता. गावाचं नाव मी घेणार नाही, तिथली माणसं अजून मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात. फळेवाला बारामतीचा. वडिलांची लाकडाची वखार, त्यामुळे फळ्यांना लाकूड घरचंच. बी.कॉम. झालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "मी नोकरी मागणाऱ्यांतला नाही, देणाऱ्यांतला आहे," असं तो ओळख झाल्या झाल्या सांगायचा. प्रत्यक्षात तो खडू द्यायचा.

त्याची योजना मात्र डोकेबाज होती, हे आजही मान्य करायला हवं. दर गावाच्या चौकात एक फळा. फळ्याला एक तरुण लिहिणारा किंवा लिहिणारी. रोज सकाळी गावची बातमी लिहायची, मग बूथवरून बारामतीला त्याच्या घरी फोन करून तीच बातमी सांगायची. तिथे त्याची वहिनी सगळ्या गावांच्या बातम्या उतरवून घ्यायची आणि थोड्या वेळानं प्रत्येक बूथला उलटा फोन करून बाकीच्या गावांचं महत्त्वाचं सांगायची. सांगवीत काय झालं ते पळसदेवला त्याच सकाळी खडूनं लिहिलेलं असायचं. बूथवाल्याची जाहिरात फळ्याच्या चौकटीवर फुकट, म्हणून फोन फुकट. चौकटीच्या खालच्या पट्टीवर खतवाले, रोपवाटिकावाले, टायपिंग क्लासवाले. मधला काळा भाग आमचा. "हे तरुणांचं व्यासपीठ आहे," तो म्हणायचा, "पेपरवाले तुमचं छापत नाहीत ना, मग तुम्हीच पेपर व्हा." आम्ही सगळे विशीतले होतो. असं वाक्य आमच्याशी कुणी बोललं नव्हतं, म्हणून आम्हाला ते खूप मोठं वाटलं.

आमच्या गावात कुणी लिहायचं, हे ठरवायला त्यानं ग्रामपंचायतीसमोर अक्षराची परीक्षा घेतली. दोघेच उभे राहिले, सरपंचांचा पुतण्या आणि मी. पुतण्याचं अक्षर असं होतं की त्याचं त्याला वाचता येत नव्हतं. माझं अक्षर चांगलं होतं, आणि एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ अशी होती जी कुणाला नाकारता येत नव्हती. बाकी नाकारण्यासारखं भरपूर होतं. मी मुलगी, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली, आणि रोज एसटीनं इंदापूरला कॉलेजला जाणारी. पण बारामतीहून आलेल्या पाहुण्यासमोर गावाला मोठं मन दाखवायचं होतं. सरपंच म्हणाले, "पाटकऱ्याची पोरगी हाय, लिवू द्या. गावाचं नाव हुईल."

माझे वडील पाटकरी होते, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरची दारं उघडून ज्याच्या त्याच्या पाळीनं शेताला पाणी सोडणारे सरकारी माणूस. त्यामुळे ऊसवाले शेतकरी त्यांना तात्या म्हणत. पाळी जवळ आली की जरा जास्तच प्रेमानं म्हणत, आणि पाळी झाली की ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे पुन्हा पहिल्यासारखं. वडिलांना हे सगळं कळायचं. ते फक्त दार उघडायला जाताना टोपी झटकून घालायचे.

मला फोटोचं, लॅमिनेशन केलेलं ओळखपत्र मिळालं. त्यावर 'प्रतिनिधी' असं होतं. आईनं ते बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळ्याला अडकवलं, मी रोज सकाळी ते काढून गळ्यात घालायचे आणि चौकात सगळ्या पुरुषांकडे पाठ करून लिहायचे.

आम्ही काय काय लिहायचो ते आठवलं की हसू येतं. कबड्डीचे निकाल, सैन्यभरतीची तारीख, कुणाचीतरी आठ ओळींची कविता. पळसदेवचा लिहिणारा उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जुनं देऊळ किती वर आलं ते रोज लिहायचा. ते काळं कुत्रंही वाचायचं नाही. वाचायचे ते फक्त उजवीकडचा खालचा कोपरा, तिथे पांढरी चौकट आखून 'दुःखद निधन' लिहिलेलं असायचं. आमच्याकडे पूर्वी कुणी गेलं की पाहुण्यांच्या गावोगाव माणूस पाठवावा लागे. माणूस एखादं घर विसरला की ते घर जन्मभर रुसायचं. फळ्यानं हा घोळच मिटवला. फळेवाल्याच्या हे लगेच लक्षात आलं. महिन्याभरात निधनाचा कोपरा खालून वर गेला, मोठा झाला, आणि त्याच्या शेजारची जाहिरातीची जागा सगळ्यात आधी जायला लागली. नाव तरुणांचं आणि धंदा मयतावर, असं ते व्यासपीठ होतं.

तो दर महिन्याला आम्हा सगळ्यांना वखारीत बोलवायचा. आम्ही ओंडक्यांवर बसायचो आणि तो उभा राहून बोलायचा. एकदा त्यानं नियम सांगितला, की कुठल्याही माणसाबद्दलची बातमी दोघांना विचारल्याशिवाय लिहायची नाही. कळंबच्या मुलानं विचारलं, "आणि मयताची?"

"मयताची कसली खात्री करता?" तो म्हणाला. "दुखाच्या घरी फोन करून विचारणार का, नक्की गेले ना म्हणून? आणि असली अभद्र गोष्ट खोटी कोण सांगेल?"

सगळे हसले. मीही हसले. आमच्यात कुणी गेल्याचं कळलं की माणूस चप्पल पायात घालतो आणि निघतो, खरं का म्हणून विचारत नाही. विचारणं हाच अपमान. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते सगळ्यांच्या अंगातच होतं.

मग कांद्याची भानगड झाली. आमच्या गावाला वाचनालयाची खोली मिळाली होती, तिच्यावर पाटीही होती. आत सरपंचांचा कांदा भरलेला होता. पाऊस तोंडावर आलेला, भाव पडलेला, आणि खोलीला पत्रा चांगला. मी दोघांना विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः खिडकीतून पाहिलं, आणि फळ्यावर लिहिलं: 'आपल्या वाचनालयात कांदा आहे, पुस्तके नाहीत. वाचकांनी पिशवी घेऊन यावे.' दुपारपर्यंत ते सगळ्या तालुक्याच्या फळ्यांवर होतं. इंदापूरच्या स्टँडवर लोक ते मोठ्यानं वाचून दाखवत होते. दोन दिवसांनी पंचायत समितीचा माणूस आला आणि कांदा बाहेर निघाला. बाहेर निघाल्यावर तो भिजला, भिजल्यावर नासला, आणि गावात आठवडाभर तो वास राहिला. ते वाक्य लिहिल्याचा मला तेव्हाही आनंद झाला होता आणि आजही आहे.

सरपंच मला काही बोलले नाहीत. चौकात भेटले तर उलट "काय प्रतिनिधी" म्हणून हसायचे. पुतण्याही हसायचा. मला वाटलं, माणसं बदलायला लागली. विशीतल्या मुलीला असलं काहीतरी वाटतंच.

त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं म्हणून मी फळा न लिहिताच पहिल्या गाडीनं इंदापूरला गेले. वडील रात्रपाळीहून नुकतेच आले होते, ओट्यावर बसून चहा पीत होते. मला म्हणाले, "डबा घेतलास का?" मी हो म्हणाले आणि पळाले. प्रॅक्टिकल आटोपून स्टँडवर आले तर फळ्याभोवती माणसं होती. मी सवयीनं वर पाहिलं. पांढऱ्या चौकटीत माझ्या गावाचं नाव, माझ्या वडिलांचं नाव, पुढे 'पाटकरी', आणि 'अंत्यविधी आज दुपारी'.

मी त्यांना सकाळी जिवंत पाहिलं होतं. चहा पिताना पाहिलं होतं. तरी माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही की हे खोटं असेल. फळ्यावर आलं होतं, आणि तो फळा माझा होता. माझ्या शेजारचा एक माणूस म्हणाला, "चांगला मानूस हुता, पानी टायमावर सोडायचा." मी गाडीत बसले. मधल्या थांब्यांवर आमचे पाहुणे चढत गेले, मला बघून रडत गेले, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडत गेले. सांगवीचे मामा बारामतीवरून याच गाडीनं आले होते, त्यांच्या काखेत नवं पांढरं कापड होतं.

आमच्या फाट्यावर आत्या भेटली. वडिलांची धाकटी बहीण, कळंबला दिलेली. तिच्या पायात चप्पल नव्हती. ती जीपमधून उतरली ती टाहो फोडतच, "दादा रं, माझ्या दादा रं" करत. ओढ्याच्या मोरीवर गावातली पोरं ओळीनं बसली होती, मध्ये पुतण्या. आम्हाला बघून पोरं उठून उभी राहिली. एकजण आत्याला अगदी आदबीनं म्हणाला, "तिकडंच जावा, मावशी. लवकर जावा, उचलायच्या आत."

घरासमोर गर्दी नव्हती. तिरडी नव्हती. आई दळण निवडत बसली होती. आत्याचा टाहो ऐकून ती सूप टाकून उठली, आणि घरामागच्या न्हाणीतून वडील बाहेर आले. कमरेला पंचा, डोक्यापासून पोटापर्यंत साबण, एक डोळा मिटलेला. त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मामांच्या काखेतल्या कापडाकडे पाहिलं, आणि घाबरून विचारलं, "कोन गेलं गं?"

आत्या जागच्या जागी खाली बसली. मग उठली आणि वडिलांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला लागली. साबणामुळे तिचे हात घसरत होते. वडील तिला धरायला बघत होते आणि विचारत होते, "अगं पन कोन? कोन गेलं ते तरी सांग." मीच सांगितलं शेवटी. म्हणाले, "तुम्ही." मोरीवरून हसण्याचा आवाज आला, अगदी मोकळा, तमाशात सोंगाड्याला हसतात तसा.

त्यानंतर दुपारभर माणसं येत राहिली. कालव्याच्या कडेनं जितकी गावं होती तिथून ऊसवाले ट्रॅक्टरमध्ये बसून आले. पहिल्यांदा जिवंत बघून प्रत्येकजण दचकायचा, मग बरं वाटायचं, आणि मग राग यायचा. जिवंत माणसावर लोक इतके चिडलेले मी तेव्हाच पाहिले. "आमी हातातलं काम टाकून आलो," एकजण वडिलांना म्हणाला, जणू वडिलांनीच बोलावलं होतं. दुसऱ्यानं आल्या आल्या मला बाजूला घेऊन विचारलं होतं की आता गुरुवारची पाळी कोण सोडणार. वडील समोर दिसल्यावर त्यानं त्यांनाच विचारलं. वडील सगळ्यांना हात जोडत होते. न मेल्याबद्दल ते माफी मागत आहेत असं वाटत होतं, आणि ते बघणं मला सहन होत नव्हतं. आई चहा करत राहिली. मामा ते कापड परत न्यायला तयार नव्हते, अपशकून होतो म्हणाले, म्हणून आईनं ते ट्रंकेत ठेवलं.

ओढ्याच्या अलीकडून, खुद्द आमच्या गावातून, दिवसभरात एकही माणूस आला नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पुतण्यानं सकाळी बूथवरून फोन लावला होता, त्याच्या मागे माणसं उभी होती, बूथवाला बसलेला होता. कुणी त्याला अडवलं नाही.

फळेवाला ऊन उतरताना आला. हँडलला मोठा हार अडकवलेला. वडील ओट्यावर बसलेले बघून त्याला तो हार कुठे ठेवावा ते कळेना. सगळं समजल्यावर तो बराच वेळ "अरेरे" म्हणाला. मग त्याचे डोळे बदलले. तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक बघितलंत का? सकाळी फोन आला, दुपारच्या आत सगळ्या पट्ट्यातून माणसं इथे हजर. आपली पोहोच बघा. हे मी जाहिरातवाल्यांना सांगून त्यांना पटत नव्हतं." तो मनापासून खूश झाला होता. ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

वडील ओट्यावरून उतरून त्याच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "सायेब, ज्यानं केलं त्याला मी काय म्हनत न्हाय. माझं येवढंच म्हननं हाय. जितं जितं मेलो, तितं तितं जित्ता हाय आसं लिवा."

"पुसून टाकतो ना तात्या. उद्या सकाळी कुठल्याच फळ्यावर दिसणार नाही."

"पुसलं म्हंजी मेल्यालाच ऱ्हातो की मी."

फळेवाल्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की फळा चुकतो असं आपणच लिहिलं तर उद्या फळ्यावर कोण विश्वास ठेवेल. उद्या खरोखर कुणाच्या घरी दुःख झालं तर त्यांचे पाहुणे येतील का? त्यात त्यांचंच नुकसान नाही का? तो हे अगदी कळकळीनं बोलत होता. वडिलांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. जाताना फळेवाला हार तसाच परत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या मी चौकात जाऊन आमच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की माझे वडील जिवंत आहेत, कालची बातमी खोटी होती आणि ती कुणी दिली ते गावाला ठाऊक आहे. ते फक्त आमच्याच गावानं वाचलं, म्हणजे ज्यांना ते जिवंत असल्याचं आधीपासून माहीत होतं त्यांनी. बारामतीला वहिनीनं माझ्याकडून कबड्डीचा निकाल उतरवून घेतला आणि हे घेतलं नाही. दुपारी फळा ओल्या फडक्यानं पुसलेला होता. त्याच आठवड्यात फळेवाला येऊन माझं ओळखपत्र परत घेऊन गेला. फळा ग्रामपंचायतीच्या जागेत उभा होता आणि ग्रामपंचायत नाराज होती. "तुमच्यासारखी लिहिणारी मला मिळायची नाही," तो म्हणाला, आणि फळा पुतण्याला दिला.

पुढची दोनेक वर्षं वडील अर्धे मेलेलेच जगले. लांबच्या गावी लग्नाला गेले की एखादी म्हातारी किंचाळायची. ऊसवाले पाळी मागताना, "काय तात्या, वर पान्याची पाळी कशी हाय?" म्हणून हसायचे. वडीलही हसायचे. पण कुठेही गेले की दारातूनच "मी हाय, मी हाय" म्हणत आत शिरायची त्यांना सवय लागली. आधी ते असे नव्हते. आधी ते गप्प येऊन कोपऱ्यात बसायचे.

आत्याचं जास्त वाईट झालं. कळंबच्या रस्त्यातून ती अनवाणी ओरडत गेली होती, ते सगळ्यांनी पाहिलेलं. जावा, नणंदा, शेजारीण, सगळ्यांना खेळणंच मिळालं. "भाऊ हाय का आज?" "भाऊ उटला का?" विहिरीवर गेली तरी तेच. आधी ती चिडायची, मग रडायची, आणि शेवटी तिनंही तोच विनोद करायला सुरुवात केली, त्याशिवाय तिथे राहता आलं नसतं. आमच्याकडे येणं तिनं कमी केलं. वडिलांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुला बघितलं की मला ती पोरं दिसत्यात."

फळेवाल्याचं मात्र भलं झालं. पुण्याला कसल्याशा संस्थेनं त्याला शिबिराला बोलावलं, तरुणांचा आवाज म्हणून सत्कार केला. पेपरात फोटो आला. फोटोत तो हसत होता आणि मागे आमच्या गावचा फळा होता, त्यावर माझ्या अक्षरात कांद्याची बातमी. शिबिरात त्याला शिकवलं होतं की चूक झाली तर ताबडतोब जाहीर दुरुस्ती करावी, त्यानं विश्वास वाढतो. तो परत आला आणि त्यानं प्रत्येक फळ्यावर निधनाच्या खाली 'खुलासा' अशी नवी चौकट आखून घेतली. ती चौकट पाहून मी चौकातच थुंकले होते.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप उतरलं. पळसदेवचं देऊळ पायापर्यंत उघडं पडलं, तिथला लिहिणारा रोज तेच लिहीत होता. अशाच एका सकाळी वडील कालव्यावर दार उघडायला वाकले आणि परत उठले नाहीत. ऊसवाल्यांनीच त्यांना ट्रॅक्टरमधून घरी आणलं. टोपी कालव्यात वाहून गेली होती.

पुतण्या स्वतः ओढा ओलांडून आमच्या दारात आला. जन्मात पहिल्यांदा. हात जोडून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा बघून मला दिसलं की तो खरोखर घाबरलेला आहे. "मी कळीवतो सगळ्यास्नी," म्हणाला. पळत जाऊन त्यानं त्या घाणेरड्या अक्षरात फळ्यावर लिहिलं आणि बारामतीला फोन केला. वहिनीनं उतरवून घेतलं, सगळ्या बूथना सांगितलं. थोड्या वेळानं फळेवाला बारामतीला आपल्या घरी आला, वहिनीनं उतरवलेलं नाव त्यानं वाचलं आणि कुणी फोन केला ते विचारलं.

पुतण्याचं नाव ऐकल्यावर त्याला दोन आणि दोन चार करायला वेळ लागला नाही. तो दुसऱ्यांदा फसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं बूथवर फोन करून पुतण्याला झापलं. पुतण्या ओरडून सांगत होता, "आवो खरंच गेल्यात, आईची आन," आणि बूथवाला सांगतो की तो रडत होता. फळेवाल्यानं फोन ठेवला आणि स्वतः, वहिनीला बाजूला सारून, एकेका बूथला फोन लावला. बारामती, इंदापूर, सांगवी, कळंब, पळसदेव, सगळीकडे नव्या चौकटीत त्याच सकाळी लिहिलं गेलं. 'खुलासा: पाटकरी यांच्या निधनाची बातमी खोडसाळपणाची आहे. ते जिवंत व सुखरूप आहेत. पाहुण्यांनी येऊ नये.'

वडिलांनी मागितलं होतं ते अक्षरशः तेच, जिथं जिथं मेले तिथं तिथं.

आम्ही ऊन कलेपर्यंत थांबलो. वस्तीतली माणसं होती, आणि ज्या तीन ऊसवाल्यांनी त्यांना आणलं ते होते. लांबून कुणी आलं नाही. सांगवीच्या मामांनी खुलासा वाचला होता आणि सोबतच्या माणसाला जुना किस्सा सांगितला होता. आईनं ट्रंकेतून त्यांचंच पांढरं कापड काढलं. माझ्या धाकट्या भावानं आत्यासाठी कळंबच्या किराणा दुकानात दोनदा फोन केला. दुकानदार म्हणाला, "आरं पोरा, हितं फळ्यावर सुखरूप लिवलंय, कशाला त्या बाईला तरास देता," आणि दोन्ही वेळा फोन ठेवून दिला. शेवटी मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण म्हटलं आणि उचललं.

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. कालव्यावरचा दुसरा पाटकरी तिच्या गावी गेला होता, त्याच्याकडून तिला कळलं. या वेळी ती ओरडत आली नाही. चप्पल घालून, डोक्यावर पदर घेऊन, चालत आली. घरात न येता सरळ मागे गेली आणि न्हाणीच्या दगडावर बसली. दगड कोरडा होता. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिला वाचता येत नव्हतं, पण काल तिचा मुलगा फळा वाचून घरी आला होता. त्यानं तिला दोन्ही चौकटी सांगितल्या होत्या, वर गेले म्हणून लिहिलंय, खाली सुखरूप म्हणून लिहिलंय, जायचं का? ती तेव्हा शेंगा फोडत होती.

"घरात समद्या बाया बसल्या हुत्या," ती मला म्हणाली. "आता ह्या हसतील, म्हून मीच आधी हसले. म्हनले, कुठं जातोस, आंघोळीला बसला आसंल."